खिळे वेचणारा गवई

गेल्या महिन्यांतील एका रविवारची गोष्ट. रात्रींचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी माजघरांत बसली होती. वहिनी दुसर्‍या दिवसाची भाजी निवडीत होत्या, काका अडकित्त्यानें सुपारी कातरीत होते, आणि आमचा पुतण्या एका कोपर्‍यांत आपल्या मोबाईलवर कसलेंसें गाणें लावून बसला होता. भाषा परकी. साथीला एक गिटार, दुसरें कांहीं नाहीं. आणि गाणारा असा, कीं शेजारचा एखादा गृहस्थ दारांत उभा राहून पावसापाण्याच्या गोष्टी करीत आहे असें वाटावें. तान नाहीं, मुरकी नाहीं, आवाज चढविणें म्हणून नाहीं. काकांनीं दोन-तीन मिनिटें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अरे, हा गातो आहे कीं बोलतो आहे?"

पुतण्या म्हणाला, "काका, हा ताकादा वातारु. जपानी आहे. वारल्याला वीस वर्षें होऊन गेलीं. पण असें गाणारा दुसरा मला माहीत नाहीं."

येथें थोडी घरगुती हकीकत सांगणें भाग आहे. हा पुतण्या एका कचेरींत बर्‍या पगारावर नोकरीस आहे. दिवाळीपासून त्यानें एकच विषय काढला आहे : नोकरी सोडावी, स्वतः गाणीं रचावीं, आणि गांवोगांवीं जाऊन तीं गावीं. तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. धाकटी मंडळी त्याच्या बाजूस, वडील मंडळी विरुद्ध, आणि मी, खरें सांगावयाचें तर, दोन्ही डगरींवर हात ठेवून. त्या रात्रीं वहिनींनीं भाजीवरची नजर न काढतां विचारलें, "ह्या तुझ्या गवयाचें पोट भरलें का रे गाण्यावर?" पोरानें उत्तर दिलें नाहीं. तेव्हां मींच म्हटलें कीं, ह्या माणसाची माहिती मी काढतों. महिनाभर जें वाचलें आणि मुख्यतः जें ऐकलें, तें आज ह्या सदरांत मांडीत आहें.

जपानांत आडनांव आधीं व नांव मागून. ताकादा हें आडनांव. 'वातारु' ह्याचा अर्थ पार होणें, पैलतीरीं जाणें. जन्म १ जानेवारी १९४९ रोजीं, मध्य जपानांतील गिफू प्रांतांत. चार भावांत हा सर्वांत धाकटा. युद्ध संपून चारच वर्षें झालीं होतीं आणि देशावर अमेरिकन सैन्याचा अंमल होता. वडील ताकादा युताका हे कवि. कवितेपलीकडे मुलांस द्यावयास त्यांच्याजवळ फारसें कांहीं राहिलें नव्हतें. वातारु आठ वर्षांचा असतां आई वारली, आणि वडील मुलांस घेऊन तोकियोस आले. शहराच्या पूर्वेकडील फुकागावा ह्या सखल, कामकरी लोकांच्या वस्तींत त्यांचे दिवस अत्यंत हलाखींत गेले. ज्या घरांत आई नाहीं आणि बाप कवि, त्या घरांतील पोरांचें बाळपण कसें गेलें असेल ह्याची कल्पना वाचकभगिनींस मीं करून द्यावयास नको.

शाळा संपतांच पोर एका छापखान्यांत लागलें. काम 'बुनसेन'चें. हा शब्द समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे जुळारी केसमधून खिळा उचलतो आणि स्वतःच ओळ जुळवितो. जपानी छापखान्यांत हीं दोन माणसांचीं कामें असत. एकानें हस्तलिखित पाहून, भिंतीसारख्या उभ्या मांडणींतून एकेक खिळा वेचून हातांतील लहानशा पेटींत टाकावयाचा. दुसर्‍यानें ते खिळे घेऊन पान बांधावयाचें. वेचणाराची लिपि तरी केवढी! चिनी चित्राक्षरें हजारों; १९४६ सालीं सरकारनें नित्य व्यवहारासाठीं यादी कमी केली, तरी ती १८५० अक्षरांवर येऊन थांबली. शिवाय त्यांच्या स्वतःच्या काना-अक्षरांचे दोन संच निराळेच. कोणतें अक्षर कोठें आहे हें हातास पाठ असावें लागे. दिवसा हें काम, आणि रात्रीं रात्रशाळा.

काकांनीं उभा जन्म एका छापखान्यांत मुद्रितें तपासण्यांत घालविला. हा भाग मीं त्यांस वाचून दाखविला तेव्हां प्रथमच अडकित्ता थांबला.

गाण्याचा नाद ह्याच वयांत लागला. पहिलें वाद्य उकुलेले, मग बँजो, मग गिटार. अमेरिकन लोकगायकांच्या ध्वनिमुद्रिका मिळतील तेथून मिळवाव्या आणि त्यांवरून हात बसवावा, असा क्रम होता. वुडी गथ्री आणि पीट सीगर हे दोघे त्याचे गुरु. सीगर ह्यांस तर ह्या जपानी पोरानें पत्र लिहिलें होतें. १९६६ पासून तो रोजनिशी लिहूं लागला. विशीस पोंचण्यापूर्वींच वडीलही वारले. कांहीं दिवस तो क्यूशू बेटावरील सागा प्रांतांत नातलगांकडे राहिला. पण परक्या उंबर्‍यावर मन रमलें नाहीं, आणि स्वारी पुन्हां तोकियोस परतली.

१९६८ च्या ऑगस्टांत क्योतो येथें लोकगीत गाणारांचें एक शिबिर भरलें. तो काळ जपानांत मोठ्या खळबळीचा. व्हिएतनामचें युद्ध जोरांत होतें, जपानी भूमीवरील अमेरिकन तळ त्या युद्धासाठीं राबत होते, आणि विद्यापीठांत विद्यार्थी बंड करून उठले होते. त्या शिबिरांत १९ वर्षांच्या ह्या अपरिचित पोरानें एक गाणें म्हटलें. नांव 'जिएताइ नि हाइरो', म्हणजे 'चला, स्वसंरक्षण दलांत भरती होऊं या'. जपानच्या १९४७ च्या राज्यघटनेचें नववें कलम युद्धाचा आणि सैन्याचा त्याग करतें. तरीहि १९५४ सालीं 'स्वसंरक्षण दल' ह्या नांवानें जें उभें राहिलें त्यास रणगाडे होते, विमानें होतीं, सर्व कांहीं होतें. ताकादानें ह्यावर टीकेचा एक शब्दहि उच्चारला नाहीं. भरतीच्या जाहिरातींतील भाषाच उचलली, ती थोडी अधिक गोड केली, आणि निर्विकार चेहर्‍यानें गाऊन दाखविली. ऐकणारे हंसून लोळले.

चाल त्याची नव्हती. माल्विना रेनल्ड्स ह्या अमेरिकन बाईंचें 'अँडोरा' नांवाचें एक गाणें आहे. युरोपांतील त्या चिमुकल्या देशानें संरक्षणावर वर्षांत ४ डॉलर ९० सेंट खर्चाची मंजुरी दिली अशी बातमी आली होती, तिच्यावर तें रचलेलें आहे. सैन्यावर जवळजवळ कांहींच न खर्चणार्‍या देशाच्या स्तुतीची चाल घेऊन तीवर सैन्यभरतीचें आमंत्रण बसवावयाचें, हा खोडसाळपणा साधा नव्हे. पुढची गंमत अशी सांगतात कीं, संरक्षण खात्याकडूनच ह्या गाण्याविषयीं विचारणा झाली. आपल्या प्रचारास तें उपयोगी पडेल असें तेथील कोणा अधिकार्‍यास वाटलें! खरा अर्थ ध्यानांत आल्यावर अर्थातच तो विषय मिटला, आणि नभोवाणीवाल्यांनीं तें गाणें दूर ठेविलें.

ह्या एका गाण्यानें त्याचें नांव झालें, आणि मला वाटतें, नुकसानहि झालें. त्या दिवसांत लोकांस निशाण हातीं घेऊन पुढें चालणारा गवई हवा होता. ओकाबायाशी नोबुयासु ह्या धर्मोपदेशकाच्या मुलास तर लोक 'लोकगीतांचा देव' म्हणूं लागले, आणि तें देवपण त्यास इतकें जड झालें कीं तो रंगमंच सोडून निघून गेला. ताकादानें देव होण्याचें नाकारलें. 'चला भरती होऊं या' हें गाणें पुढें पुढें तो फारसें गाईनासा झाला. मींहि तें चार वेळां ऐकलें. पहिल्यांदा हंसूं येतें; चौथ्यांदा येत नाहीं. त्याचें खरें सामर्थ्य अन्यत्र आहे.

तें सांगण्यापूर्वीं त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या कशा, हें पाहिलें पाहिजे. १९६८ च्या फेब्रुवारींत एका बड्या कंपनीनें 'इमजिन नदी' नांवाची मुद्रिका बाजारांत येण्याच्या ऐन वेळीं मागें घेतली होती. दुभंगलेल्या कोरिया देशाविषयींचें तें गाणें मूळ उत्तर कोरियांतील. त्याच्या कर्त्यांच्या नांवांवरून जपानमधील कोरियन संघटनेनें हरकत घेतली, आणि कंपनी बिचकली. मोठ्या कंपन्यांचें हें असें. म्हणून ओसाका येथें हाता मासाआकि ह्यांनीं १९६९ सालीं एक निराळीच युक्ति काढली : 'अंडरग्राउंड रेकॉर्ड क्लब'. सभासदांनीं वर्गणी भरावी आणि मुद्रिका टपालानें घरीं याव्या. दुकान नाहीं, म्हणून दुकानदाराची भीति नाहीं. जाहिरात नाहीं, म्हणून जाहिरातदाराची मर्जी नाहीं. आपलें मासिक जसें वर्गणीदारांच्या बळावर चालतें, तसाच हा प्रकार. फेब्रुवारी १९६९ च्या पहिल्याच हप्त्यांत जी मोठी मुद्रिका सभासदांच्या घरीं पोंचली तिची एक बाजू ताकादाची होती आणि दुसरी 'पांच तांबडे फुगे' नांवाच्या मंडळीची. त्याच सुमारास क्लबानें ती बाद झालेली 'इमजिन नदी'सुद्धां दुसर्‍या गायकांकडून गाऊन घेऊन सभासदांच्या हातीं दिली. त्याच वर्षीं ताकादाची स्वतंत्र मुद्रिका निघाली, 'आगगाडी खेड्यांतून जाते त्या वेळीं'. ह्या दोहोंत त्याच्या आवाजावर गुरूची छाया फार आहे. वुडी गथ्री जपानी शिकला असता तर असाच गाता, असें वाटतें. ऐकण्याजोगें आहे, पण परत परत नव्हे.

क्योतो येथें त्याचा मुक्काम दोनएक वर्षें होता. त्या मुक्कामाची एक सुरेख आठवण मागें राहिली आहे. सान्जो ह्या भागांत इनोदा नांवाचें कॉफीचें जुनें दुकान आहे, १९४० सालचें. ताकादाचें 'कॉफी ब्लूज' हें गाणें त्या दुकानावर आहे. विषय एवढाच कीं, सकाळीं उठून तेथें कॉफी प्यावयास जावें. आणि केवळ कॉफीसाठींच नव्हे, हें ऐकणारानें ओळखावें. ह्यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. आज त्या दुकानीं जाणारे कित्येक लोक ते गाणें मनांत घेऊन जातात. राजेरजवाड्यांवर, देवदेवतांवर गाणीं होतात. कॉफीच्या दुकानावर गाणें व्हावें आणि तें पन्नास वर्षें टिकावें, ह्याचें मला नवल वाटतें.

१९७१ सालीं तो तोकियोच्या पश्चिमेस किचिजोजी येथें बिर्‍हाड करून राहिला, आणि शेवटपर्यंत त्याच भागांतला झाला. त्याच वर्षीं किंग ह्या मोठ्या कंपनीनें त्याची 'गोआइसात्सु' ही मुद्रिका काढली. अर्थ 'नमस्कार', पत्राच्या मायन्यांतला. पुढें १९७२ सालीं 'केइझु', म्हणजे 'वंशावळ', आणि १९७३ सालीं 'इशी', म्हणजे 'दगड'. ह्या तिहींत ताकादा वातारु पुरता सांपडतो. ज्यांस वेळ थोडा त्यांनीं केवळ 'गोआइसात्सु' ऐकावी. साथीला कांहीं ठिकाणीं 'हॅप्पी एंड' ह्या त्या वेळच्या तरुण मंडळीचें वादन आहे. त्यांतील होसोनो हारुओमि पुढें जगप्रसिद्ध झाला.

आतां मुख्य गोष्ट. आजच्या रिवाजाप्रमाणें ताकादास 'स्वतः रचून स्वतः गाणारा' म्हणतात. आपल्याकडे भावगीतांत कवि एक, चाल देणारा दुसरा आणि गाणारा तिसरा ही वहिवाट. पाश्चात्य देशांत १९६० नंतर हवा फिरली. जो लिहितो त्यानेंच गावें, दुसर्‍याचें गाणें गाणारा कमी प्रतीचा, अशी समजूत रूढ झाली. ताकादाचीं स्वतःच्या शब्दांचीं गाणीं आहेत. सायकलवरून रमतगमत जाण्याचें एक तर लहान मुलांनाहि पाठ व्हावें असें. पण त्याचीं उत्तम गाणीं बहुतेक दुसर्‍यांच्या कविता आहेत. 'गोआइसात्सु' हें नांवाचें गाणेंच तानिकावा शुन्तारो ह्या कवीचें. अमेरिकेंतील नीग्रो कवि लँग्स्टन ह्यूज ह्याच्या कवितांचीं भाषांतरें, वृद्ध कानेको मित्सुहारु ह्याची कविता, आरिमा ताकाशि, कुरोदा साबुरो. कविपुत्र जुन्या पुस्तकांत बसून कविता वेचीत होता. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं दुसर्‍याच्या हस्ताक्षरांतील मजकूर पाहून नेमका खिळा उचलण्याची जी संवय हातास लागली, ती सुटली नाहीं असें मला राहून राहून वाटतें.

त्याच्या वेंचांत सर्वांत मोठा वांटा यामानोकुचि बाकु ह्या कवीचा. बाकुचा जन्म १९०३ सालचा, ओकिनावा बेटावरील नाहा गांवचा. १९२२ सालीं तो तोकियोस आला आणि तेथें त्यानें जें दारिद्र्य भोगलें त्यास तुलना नाहीं. बांकांवर, गवतांत, मिळेल तेथें रात्र काढावी. मैला उपसण्यापर्यंत पडेल तें काम करावें. आणि एकेका लहानशा कवितेसाठीं शेंकडों कागद खरडून फाडावे. ओकिनावाचे लोक तोकियोंत तेव्हां हलके मानले जात, तेंहि सोसावें. पहिला संग्रह १९३८ सालीं. मृत्यु १९६३ सालीं. ताकादा तेव्हां १४ वर्षांचा. दोघांची गांठ पडली नाहीं.

बाकुची 'सेइकात्सु नो गारा' ही कविता ताकादानें गाऊन अजरामर केली. 'गारा' म्हणजे कापडावरची नक्षी, लुगड्याचा वाण. म्हणजे नांव झालें 'जगण्याचा वाण'. चालून चालून थकलेला एक बेघर मनुष्य रात्रीं गवतांत अंग टाकतो. उन्हाळ्यांत तें निभतें. थंडी पडूं लागली कीं निभत नाहीं. एवढाच आशय. ह्यांत रडणें नाहीं, सरकारास शिव्या नाहींत, श्रीमंतांस शाप नाहीं. कांहींसें हंसून, आपलें आपणास नवल वाटावें तसें तो माणूस आपल्या झोंपमोडीची हकीकत सांगतो. ताकादाहि तें तसेंच गातो. आवाज कोठेंहि ओलावत नाहीं. ओलावतात ते ऐकणाराचे डोळे. काकांच्या प्रश्नाचें उत्तर मला ह्या गाण्यांत मिळालें. हा मनुष्य गातांना बोलतो, कारण शब्द दुसर्‍याचे आहेत, आणि ते दिसावे अशी त्याची इच्छा आहे. सूर फार नटविला कीं शब्द त्याच्या मागें दडतात.

बाकुचीच दुसरी कविता 'टुना आणि सार्डीन'. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस मत्स्याहार वर्ज्य आहे, पण येथें विषय निराळा आहे. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें प्रशांत महासागरांत बिकिनी बेटाजवळ हायड्रोजन बाँब उडविला. त्याची पांढरी राख एका जपानी मासेमारी गलबतावर पडली. गलबतावरील २३ माणसांस बाधा झाली, आणि बिनतारी यंत्रावरील मनुष्य त्याच सप्टेंबरांत दगावला. बंदरांत आलेला टुना मासा तपासून तपासून फेंकून देण्यांत आला. अशा दिवसांत एका गरीब घरीं बायकोस टुना खाण्याची इच्छा होते, नवरा खेंकसतो, बायको तोंड फिरविते. नवराबायकोच्या त्या धुसफुशींत सार्‍या पृथ्वीवरचें संकट येऊन बसतें. बाँबवर पुष्कळ मोठमोठ्या कविता झाल्या असतील; जेवणाच्या पाटापर्यंत तो बाँब आणून ठेवणारी ही एकच मला ठाऊक आहे.

तिसरी कविता 'लग्न'. ही मात्र मीं मुद्दाम माजघरांत सर्वांसमक्ष सांगितली. कवि ब्रह्मचारी असतां त्याची कविता एकसारखी लग्नाचा धोशा लावून रडत असे. पुढें लग्न झालें (बाकुचें लग्न १९३७ सालीं कानेको मित्सुहारु ह्यांच्या मध्यस्थीनें जुळलें), आणि कविता रडावयाची थांबली. आतां घरांत दुसरेंच कांहीं तरी रडूं लागलें आहे, कपाटाआड बसून, आणि तें पैशासाठीं रडतें आहे. वहिनी खुदकन हंसल्या. काकाहि हंसले. पुतण्यानें मात्र मान खालीं घातली, कारण त्याच्यासाठीं एक स्थळ पाहण्याचें चाललें आहे.

बाकुचें ओकिनावा बेट युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यांत राहिलें, तें १५ मे १९७२ रोजीं जपानकडे परत आलें. म्हणजे 'गोआइसात्सु' निघाली तेव्हां ताकादा ज्या कवीचे शब्द गात होता त्याची जन्मभूमि परकी होती. ह्या गोष्टीचा त्यानें कोठें डांगोरा पिटलेला नाहीं.

एक निराळा झरा आणखी आहे. सोएदा अझेंबो (१८७२–१९४४) हा रस्त्यावर गाणारा मनुष्य. मेइजी राजवटींत राजकीय व्याख्यानांवर पोलिसांची करडी नजर असे. तेव्हां व्याख्यानच गाण्यांत घालून चवाठ्यावर गावें आणि छापील गाण्यांचे कागद विकावे, असा एक पंथ निघाला. अझेंबो त्या पंथाचा मोठा माणूस. त्याचे शब्द ताकादानें घेतले आणि त्यांस अमेरिकेंतील डोंगराळ मुलखांतल्या चाली लाविल्या. ढेंकूण-उवांच्या संगतीनें चाललेल्या भटक्याचें असें एक गाणें 'गोआइसात्सु'वर आहे. मेइजी काळचे शब्द, अमेरिकन चाल आणि १९७१ सालचा गळा, अशी ही त्रिवेणी. पण ऐकतांना सांधा दिसत नाहीं. 'पैसा नसेल तर' हें गाणेंहि असेंच घडलें. वुडी गथ्रीनें कॅलिफोर्नियाकडे धांवणार्‍या दुष्काळग्रस्तांस खिशांत दमडी नसेल तर येऊं नका असें बजाविलें होतें. ताकादानें तोच इशारा तोकियोकडे धांवणार्‍या खेडुतांस दिला. तें त्यास सांगण्याचा अधिकार होता. तो स्वतः त्याच वाटेनें आला होता.

आरिमा ताकाशि ह्यांच्या 'भाववाढ' ह्या कवितेचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तींत प्रथम कोणी अधिकारी ठासून सांगतो कीं, दर वाढविण्याचा मुळींच विचार नाहीं. मग एकेक शब्द सरकत जातो. आज नाहीं, शक्यतों नाहीं, वाढविणें इष्ट नसलें तरी, विचार करावा लागेल, आणि शेवटीं भाव वाढलेला असतो. सगळी कविता म्हणजे कचेरींतील भाषेची घसरगुंडी. ताकादा तें गाणें बैठ्या आवाजांत, परिपत्रक वाचल्यासारखें गातो. आमच्या घरीं ह्या गाण्यास सर्वांत अधिक दाद मिळाली, आणि ती सुद्धां मीं भाषांतर करून सांगितल्यावर. महागाईस भाषांतर लागत नाहीं असें काकांचें म्हणणें.

पुढचा भाग भरभर सांगतों. १९७६ सालीं तो अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें जाऊन एक मुद्रिका करून आला. १९७७ सालीं दुसरी. १९८३ नंतर नव्या मुद्रिका तुरळक झाल्या. गाणें मात्र बंद पडलें नाहीं. गिटारीची पेटी घेऊन लहान लहान गांवीं, लहान लहान दालनांत तो गात हिंडला. तींच गाणीं, तोच आवाज. वयानें तेवढा खोल झालेला. १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटीं ओकिनावाच्या गायकांना बरोबर घेऊन बाकुच्या कवितांची एक सबंध मुद्रिका त्यानें काढली. मला ती त्याच्या जन्माची फेड वाटते.

आतां न आवडणारी गोष्ट. तो दारू प्याला, आणि फार प्याला. किचिजोजी येथील इसेया नांवाच्या खाणावळींत दिवसाउजेडीं तो बसलेला असे. कार्यक्रमांत गातां गातां त्याची मान कलावयाची, आणि तो झोंपी जावयाचा. श्रोते रागावत नसत. हंसत, वाट पाहात. ह्या झोंपेच्या आख्यायिका चाहते मोठ्या प्रेमानें सांगतात. मला तें प्रेम कळतें, पण पटत नाहीं. ज्याच्या शब्दांसाठीं आपण तिकीट काढून आलों तो मनुष्य आपल्या डोळ्यांदेखत स्वतःस संपवीत आहे, ह्यांत गंमत कसली? २००४ सालीं त्याच्यावर 'ताकादा वातारुतेकि' नांवाचा बोलपट निघाला. नट एमोतो आकिरा ह्यांनीं त्याची योजना केली आणि तानादा युकि ह्या बाईंनीं तो दिग्दर्शित केला. पांढर्‍या दाढीचा तो जख्ख दिसणारा गृहस्थ तेव्हां अवघा ५५ वर्षांचा होता. तरुण पिढीनें त्यास नव्यानें डोक्यावर घेतलें, आणि वर्षभरांतच, ३ एप्रिल २००५ रोजीं, होक्काइदो बेटावरील शिरानुका ह्या लहान गांवीं कार्यक्रम झाल्यावर तो कोसळला. १६ एप्रिल रोजीं जवळच्या कुशिरो शहरांतील रुग्णालयांत त्याचा अंत झाला. वय ५६.

'वंशावळ' ह्या मुद्रिकेचा उल्लेख वर आला आहे. तिच्या नांवाचें गाणें मिकि ताकु ह्या लेखकाचें. एका दरिद्री घरीं मूल जन्मास येतें त्या रात्रीं आईबापांची जी त्रेधा उडते तिच्याविषयींचें. मुद्रिका १९७२ सालची. पुढच्याच वर्षीं ताकादास मुलगा झाला. त्याचें नांव रेन. तोहि वादक झाला. मांडीवर नव्हे तर चौकीवर आडवी ठेवून पायांनीं सूर बदलावयाची जी अमेरिकन गिटार असते तींत त्यानें नांव मिळविलें. बापाच्या हयातींत तो बापाच्या मागें बसून साथ करी. बाप गेल्यावर दहा वर्षें थांबून, २०१५ सालीं, त्यानें बापाचीं गाणीं स्वतःच्या आवाजांत गाऊन एक मुद्रिका काढली. नांव ठेविलें 'कॉफी ब्लूज'. त्याच वर्षीं बापाची १९६६ ते १९६९ ह्या वर्षांतील रोजनिशी त्यानें संपादून 'माय फ्रेंड' ह्या नांवानें छापली. छापखान्यांत खिळे वेचणार्‍या पोराची ती रोजनिशी. मुलगा तेव्हां ४२ वर्षांचा होता, आणि रोजनिशींतला बाप विशीच्या आसपासचा. तीं मुद्रितें तपासतांना त्यास काय वाटलें असेल?

हें सर्व मीं परवां रात्रीं घरांत वाचून दाखविलें. वहिनींनीं आपला प्रश्न पुन्हां विचारला नाहीं, "मुलगा तरी पित नाहीं ना?" एवढेंच विचारलें. पुतण्या नोकरीचें बोलला नाहीं. बाकुच्या कवितांचें इंग्रजी भाषांतर कोठें मिळेल त्याचा तो शोध करीत होता. काकांनीं अडकित्ता बाजूस ठेविला, चष्मा काढून पंचानें पुसला आणि म्हणाले, "तें जगण्याच्या वाणाचें पुन्हां लाव." गाणें संपेपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. संपल्यावर त्यांनीं विचारलें कीं, खिळा चुकून दुसर्‍या घरांत पडला तर एवढ्या हजारों घरांतून ती मंडळी तो परत शोधीत कशी?

पुतण्यास तें ठाऊक नव्हतें. मलाहि नव्हतें.